मुरुमावरची लान्सर

नाशिकभोवतीचा कच्चा रस्ता दोन तऱ्हांचा आहे. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकच्या अंगाला पावसाळ्यात त्याचा नुसता राडा होतो. पूर्वेला सिन्नरकडे सरकावे तसा पाऊस ओसरत जातो आणि वरचा मुरूम मोकळा सुटतो. खाली मात्र सगळीकडे तोच काळा बेसाल्ट, ज्याच्या फुटक्या कडा टायरची बाजू सहज चिरतात. शेतमाल घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याला हा रस्ता म्हणजे रोजचा जाच. रॅलीच्या माणसाला मात्र असाच रस्ता हवा असतो. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनने राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकला भरवली ती या रस्त्यांच्या भरवशावर.

या रस्त्यांवर एका जपानी गाडीने काही वर्षे चांगलाच दबदबा ठेवला होता. मित्सुबिशी सेडिया तिचे नाव. शोरूममध्ये ती चार दरवाजांची, सरळसाध्या चेहऱ्याची घरगुती सेडान होती. तिरुवल्लूरच्या कारखान्यात जोडली जाणारी, पेट्रोल जरा जास्त पिणारी आणि फारशी न खपलेली. पण हिच्याच सांगाड्यावर मित्सुबिशीने जपानमध्ये लान्सर इव्होल्यूशनची सातवी, आठवी आणि नववी आवृत्ती उभी केली होती. तीच ‘एव्हो’, जिच्या आधीच्या आवृत्त्यांनी जागतिक रॅली अजिंक्यपद सलग चार वर्षे एकाच चालकाला मिळवून दिले. भारतात एव्होचा इतिहास शोधायला निघालेला माणूस म्हणूनच सेडियापाशी येऊन पोचतो. सेडिया कळायची तर आधी लान्सरच्या घराण्याची हकिकत सांगावी लागते, आणि तिची सुरुवात एका पंजाबी मेकॅनिकपासून होते.

जोगिंदर सिंग यांचा जन्म १९३२ सालचा, केनियातल्या केरिचोचा. गॅरेजमध्ये हात काळे करत ते गाडी शिकले. १९६५ साली त्यांनी भाऊ जसवंत यांना शेजारी बसवून, आधीच एकदा रॅलीत वापरलेली व्होल्व्हो घेऊन पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली. सफारी ही त्या काळातली सर्वांत निर्दय रॅली. ईस्टरच्या सुट्टीत भरायची, पाच हजार किलोमीटरच्या आसपास पळवायची, आणि रस्ते बंद वगैरे काही नसायचे. समोरून बस येई, गुरे येत, आणि पाऊस पडला की अख्खा रस्ता चिखलात बुडे. युरोपातले नामवंत चालक येत, आघाडी घेत आणि कुठेतरी ॲक्सल मोडून बसत. जोगिंदर सिंग यांचे बळ वेगापेक्षा गाडी जपण्यात होते. कुठे धक्का द्यायचा, कुठे इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा, हे मेकॅनिकला आतून ठाऊक असते.

मित्सुबिशीने फेब्रुवारी १९७३ मध्ये लान्सर बाजारात आणली. तिची १६०० जीएसआर ही आवृत्ती म्हणजे सव्वाआठशे किलोंच्या आसपासची हलकी गाडी, १५९७ सीसीचे इंजिन, दोन कार्बोरेटर आणि रस्त्यावर ११० अश्वशक्ती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्रॉस रॅलीत लान्सरनी पहिले चारही क्रमांक घेतले. पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, जोगिंदर सिंग आणि डेव्हिड डॉइग ती घेऊन सफारीला उतरले. ब्योर्न वॉल्डेगार्ड यांची पोर्शे ९११ दुसरी आली, लान्सर पहिली. १९७६ मध्ये तर सफारीचे पहिले तिन्ही क्रमांक लान्सरचे होते आणि अग्रभागी पुन्हा जोगिंदर सिंग. जपानी गाडी म्हणजे स्वस्त आणि किरकोळ, असा समज तेव्हा युरोपात होता. तो मोडण्याचे काम डॅटसन आणि लान्सर यांनी आफ्रिकेच्या चिखलात केले.

१९७६ च्या त्या सफारीत तिसरे आलेले अँड्र्यू कोवन हे स्कॉटलंडचे शेतकरी. त्यांचा मुंबईशी एक धागा आहे. १९६८ मध्ये लंडन ते सिडनी अशी प्रचंड मॅरेथॉन झाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गाड्या दिल्लीहून मुंबईला आल्या आणि इथून ‘चुसान’ नावाच्या बोटीने ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेल्या. ती मॅरेथॉन कोवन यांनी हिलमन हंटर या अगदी साध्या गाडीने जिंकली. पुढे १९७२ ते १९७६ अशी सलग पाच वर्षे त्यांनी मित्सुबिशीसाठी सदर्न क्रॉस जिंकली. मित्सुबिशीने १९८४ साली रॅलिआर्ट ही शर्यतीची शाखा काढली, तेव्हा युरोपातला संघ कोवन यांनीच इंग्लंडमधून चालवला. कारखान्याच्या संघाची एव्होतली सगळी मोठी विजेतेपदे त्यांच्या देखरेखीखालची आहेत. सभ्य, मितभाषी आणि गाडी शेवटच्या ठाण्यापर्यंत नेण्यावर श्रद्धा असलेला हा माणूस होता, आणि त्याच्या संघाच्या गाड्यांतही तो स्वभाव उतरला.

आता नियमपुस्तकाकडे वळायला हवे. शर्यतीच्या गाड्या कारखान्यात घडतात हे खरे, पण त्या कशा असाव्यात हे आधी नियमांच्या कागदावर ठरते.

ऐंशीच्या दशकात ‘ग्रुप बी’ नावाच्या वर्गात कंपन्यांना फक्त २०० गाड्या बनवून रॅलीत उतरता येई. परिणामी सामान्य गाडीशी नावापुरते नाते असलेली, पाचशेच्या घरात अश्वशक्ती असलेली यंत्रे जंगलातल्या अरुंद रस्त्यांवर, दुतर्फा उभ्या गर्दीमधून पळू लागली. मे १९८६ मध्ये कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्यांचे नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो जळून मरण पावले आणि त्या वर्षाअखेर तो वर्ग बंद झाला. त्यानंतरचा मुख्य वर्ग ‘ग्रुप ए’. त्याची अट अशी, की जी गाडी शर्यतीत उतरवायची ती आधी मोठ्या संख्येने बनवून सामान्य गिऱ्हाइकाला विकली पाहिजे. आधी पाच हजार, पुढे अडीच हजार. जगातल्या कितीतरी आवडत्या गाड्या या एका अटीच्या पोटी जन्मल्या आहेत.

मित्सुबिशीकडे तेव्हा गॅलंट व्हीआर-४ होती. दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद. तिने रॅल्या जिंकल्या. केंजिरो शिनोझुका यांनी १९९१ मध्ये तिच्यातून आयव्हरी कोस्टची रॅली जिंकली आणि जागतिक रॅली जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. पण गॅलंट मोठी आणि जड होती. वळणावळणाच्या रस्त्यावर तिचा पसारा आड येई. मग अभियंत्यांनी तिचे अख्खे यंत्र उचलून लहान लान्सरमध्ये बसवले. १९९२ च्या शरद ऋतूत लान्सर इव्होल्यूशन विक्रीला आली: १९९७ सीसी, २५० अश्वशक्ती, चारही चाके ओढणारी. नियमापुरत्या २,५०० गाड्या काही दिवसांत संपल्या आणि कंपनीला आणखी तितक्याच बनवाव्या लागल्या.

त्यानंतर जवळजवळ दर वर्षा-दीड वर्षाने नवी एव्हो येत राहिली. १९९४ मध्ये दुसरी, २६० अश्वशक्तीची. १९९५ मध्ये तिसरी, २७०. १९९६ मध्ये चौथी, २८०. इथे आकडा थांबला, कारण जपानी कंपन्यांनी आपसात ठरवले होते की रस्त्यावरच्या गाडीची जाहीर ताकद २८० च्या वर न्यायची नाही. पण खरा बदल अश्वशक्तीत नव्हताच. चौथ्या एव्होच्या मागच्या डिफरेन्शिअलमध्ये अशी यंत्रणा बसली की वळणावर बाहेरच्या मागच्या चाकाला जास्त ताकद मिळावी. नेहमीची चारचाकी ओढीची गाडी वळणावर नाक बाहेर काढते, सरळ जाऊ पाहते. ही गाडी उलट मागच्या बाहेरच्या चाकाने स्वतःला वळणात ढकलते. सातव्या एव्होत मधल्या डिफरेन्शिअललाही विजेवर चालणारे नियंत्रण आले आणि चालकाला डांबर, मुरूम आणि बर्फ अशा तीन अवस्थांतून निवड करता येऊ लागली.

रॅलीच्या गाडीत टर्बोचा एक जुना दोष फार नडतो. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एक्झॉस्टचा जोर कमी होतो, टर्बोची पाती मंदावतात आणि पुन्हा पाय दाबल्यावर पिकअप यायला क्षणभर उशीर लागतो. वळणे सुटी भेटत नाहीत, ती एकामागे एक भेटतात, आणि प्रत्येक वळणावर असा क्षण गमावला तर स्टेजअखेर, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्याच्या शेवटी, तो कित्येक सेकंदांचा होतो. यावर तोड काढली ती अशी: पाय काढलेला असतानाही थोडी हवा आणि इंधन सोडत राहायचे, ते एक्झॉस्टच्या तोंडाशी जळू द्यायचे आणि त्या स्फोटांवर टर्बो फिरता ठेवायचा. रॅलीच्या टर्बो गाड्या वळणावर गोळीबारासारख्या कडाडतात त्या यामुळे.

दुसरा अडसर नियमांनीच घातलेला होता. टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचे कडे बसवणे सक्तीचे होते. धावणाऱ्याला तोंड मिटून नळीतून श्वास घ्यायला लावावे, तसे ते इंजिन चाले. फेरे वाढवून ताकद मिळवण्याची वाट अशी बंद झाल्यावर रॅलिआर्टच्या माणसांनी कमी फेऱ्यांवरची ओढ वाढवली. कागदावर तीनशेच्या आसपास अश्वशक्ती दाखवणारी गाडी मुरुमाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्येही दगड उडवत निघे ती या ओढीमुळे.

ही गाडी ज्याच्या हातात शोभली तो फिनलंडचा टॉमी मॅकिनेन. १९९५ मध्ये स्वीडनच्या रॅलीत एव्होने पहिला जागतिक विजय मिळवला तेव्हा संघाच्या आदेशामुळे मॅकिनेन दुसरे राहिले आणि केनेथ एरिक्सन जिंकले. पुढच्या वर्षी मॅकिनेन यांनी कोणाला संधीच दिली नाही. १९९६ च्या पाच विजयांत सफारीही होती, जोगिंदर सिंग यांच्या दुसऱ्या लान्सर-विजयानंतर बरोबर २० वर्षांनी. १९९६ मध्ये तिसरी एव्हो, १९९७ मध्ये चौथी, १९९८ मध्ये पाचवी आणि १९९९ मध्ये सहावी, अशी चार वर्षे चार गाड्या आणि चार अजिंक्यपदे.

त्यांतले १९९८ चे अजिंक्यपद तर मॅकिनेन यांनी गमावल्यातच जमा होते. नोव्हेंबरमधली ब्रिटनची रॅली ही वर्षातली शेवटची. पहिल्याच दिवशी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून त्यांची गाडी घसरली, काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली आणि मागचे चाक निखळले. तीन चाकांवर गाडी रेटत निघालेल्या मॅकिनेन यांना पोलिसांनी थांबवले. अजिंक्यपद आता कार्लोस सेन्झ यांचे, त्यांना फक्त टोयोटा चौथ्या क्रमांकावर शेवटपर्यंत न्यायची होती. शेवटची स्टेज, शेवटचे काहीशे मीटर, आणि टोयोटाच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड तुटला. नॅव्हिगेटर लुईस मोया यांनी रागाने हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर फेकले, ती फुटली. मॅकिनेन तिथे नव्हतेही. त्याच रॅलीत रिचर्ड बर्न्स यांनी मित्सुबिशीला विजय दिला आणि कंपन्यांचे अजिंक्यपदही त्या वर्षी मित्सुबिशीकडे आले. ते तिचे एकमेव.

या काळातली मित्सुबिशीची एक हट्टी भूमिका फारशी सांगितली जात नाही. १९९७ पासून नियम सैल झाले. अडीच हजार गाड्या न विकताही ‘वर्ल्ड रॅली कार’ म्हणून खास यंत्र बनवण्याची मुभा मिळाली. फोर्ड, टोयोटा आणि सुबारू यांनी ती घेतली. मित्सुबिशी २००१ पर्यंत ग्रुप ए मध्येच राहिली, म्हणजे रॅलीत जे हवे ते आधी दुकानात विकत राहिली. पाचव्या एव्होचे रुंद मडगार्ड, सहावीच्या पुढच्या बंपरमध्ये हवेसाठी बाजूला सरकवलेली नंबरप्लेट, या सगळ्या गोष्टी शर्यतीच्या गरजेतून सामान्य माणसाच्या गाडीवर आल्या. एव्होचे मोठेपण इथे आहे. टोकियोतला एखादा नोकरदार ज्या गाडीने कामावर जाई, तिच्याच जातीच्या गाडीने मॅकिनेन अजिंक्य ठरत. २००० च्या आरंभी आलेली ‘टॉमी मॅकिनेन एडिशन’ ही त्या नात्याची सर्वांत देखणी खूण. खास लाल रंग, डांबरासाठी खाली बसवलेले सस्पेन्शन आणि टर्बोत हलकी टायटॅनियमची पाती. २००१ मध्ये मित्सुबिशीनेही वर्ल्ड रॅली कारचा मार्ग धरला, मॅकिनेन सुबारूकडे गेले आणि जागतिक मैदानातले ते दिवस संपले.

कारखान्याचा संघ थकला तरी खासगी मंडळींच्या हातात एव्हो फोफावत राहिली. जवळजवळ दुकानातल्याच अवस्थेत गाडी पळवण्याच्या ‘ग्रुप एन’ वर्गात उरुग्वेच्या गुस्तावो ट्रेलेस यांनी १९९६ ते १९९९ अशी चार अजिंक्यपदे एव्होतून घेतली. ट्यूनिंगवाल्यांना तर एव्होचे ४जी६३ हे इंजिन म्हणजे पर्वणीच होती. त्याचा ब्लॉक बिडाचा, जाड आणि दणकट. मोठा टर्बो, फोर्ज केलेले पिस्टन, मोठे इंजेक्टर आणि नव्याने लिहिलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एवढ्यावर ते दुप्पट ताकद सहन करी. ब्रिटनमध्ये २००४ साली कंपनीच्या तिथल्या शाखेनेच आठव्या एव्होची एफक्यू-४०० ही आवृत्ती विकली. दोन लिटरमधून ४०५ अश्वशक्ती. जपानच्या एचकेएस कंपनीने नवव्या एव्होपासून सीटी२३०आर नावाची गाडी घडवली. छपरापासून दरवाजांपर्यंत कार्बन फायबर, आणि नोबुतेरू तानिगुची यांच्या हातात तिने त्सुकुबाचा दोन किलोमीटरचा ट्रॅक ५४ सेकंदांच्या आत पार केला. पण वाढवलेली प्रत्येक अश्वशक्ती कुठल्या तरी दुसऱ्या भागाच्या आयुष्यातून वजा होते. चारशेच्या पुढे गेलेल्या एव्होत आधी क्लच जातो, मग गिअरबॉक्स बोलू लागतो. ट्रॅकवर एका फेरीसाठी जन्मलेली गाडी सफारीत पहिल्या दुपारीही टिकली नसती.

भारतात यातले फारसे काही पोचले नाही, आणि त्याचे कारण जकात. परदेशातून पूर्ण बनलेली गाडी आणायची तर तिच्या किमतीइतका किंवा त्याहून जास्त कर पडे. १९९८ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने, म्हणजे ॲम्बेसेडर बनवणाऱ्या कंपनीने, मित्सुबिशीशी हातमिळवणी करून चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला लान्सर आणली. तोवर आपल्या रॅलींवर सुझुकीच्या घराण्याचे राज्य होते. जिप्सी आणि एस्टीम या दोन मारुती गाड्यांवर भारतीय चालकांची एक पिढी वाढली. चंडीगडचे हरी सिंग यांना तर ‘जिप्सी किंग’ हेच नाव पडले. नंतर होंडा सिटीची व्हीटेक आली. २००६ मध्ये सेडिया आली आणि चित्र पालटले.

गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी होंडा सिव्हिक आली होती, ती नवी दिसे. सेडियाचा आराखडा जपानमध्ये सहा वर्षे जुना झालेला होता. पण रॅलीच्या गॅरेजांमध्ये लोकांनी तिला खालून पाहिले. वर उचललेल्या गाडीखाली उभे राहिले की मागचे मल्टिलिंक सस्पेन्शन दिसे, प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारे, जे या किमतीच्या बहुतेक गाड्यांत नव्हते. शरीर ताठ होते, कारण त्याच शरीराला जपानमध्ये २८० अश्वशक्ती पेलायची होती. इंजिन मात्र निराळ्या कुळीतले. ४जी९४, टर्बोविना, ११५ अश्वशक्ती, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. म्हणजे एव्होचा सांगाडा मिळाला, हृदय मिळाले नाही. भारतीय रॅलीवाल्यांनी जे मिळाले त्याच्यावर काम केले, आणि या लेखातला सर्वांत कौतुकाचा भाग हाच आहे.

रॅलीची सेडिया घडवायची म्हणजे आधी ती उघडी करायची. सीटा, गालिचे, दरवाजांची अस्तरे, डांबराचे थर, सगळे खरवडून काढायचे. उरलेल्या पत्र्याच्या सांध्यांवर जादा वेल्डिंग, आत पोलादी नळ्यांचा रोल केज. खाली इंजिनाला जाड संप गार्ड, कारण बेसाल्टचा एक उभा दगड ऑइल संप फोडायला पुरतो. मग लांब चालीचे डॅम्पर, जे उडी मारून आलेल्या गाडीला जमिनीवर बसवतील. हेडचे पोर्टिंग, बदललेला कॅमशाफ्ट, ईसीयूचा रिमॅप. पुढच्या ॲक्सलवर एलएसडी, म्हणजे एक चाक मोकळ्या मुरुमावर नुसते गरगरू लागले तर ताकद दुसऱ्याला मिळावी. एव्होत जे काम विजेवरचे डिफरेन्शिअल करी, ते इथे बरेचसे चालकाच्या डाव्या पायाने करायचे.

डाव्या पायाने हे खरोखर. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मुरुमावर वळायला नाखूश असते. ओढायचेही त्याच चाकांनी आणि वळायचेही त्याच चाकांनी. म्हणून चालक उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो आणि डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करतो. वजन पुढे येते, पुढची चाके मातीत रुततात, मागचे टोक हलके होऊन बाहेर झुकते आणि गाडी वळणात शिरते. अगदी घट्ट वळणाला हँडब्रेक. शेजारी नॅव्हिगेटर रेकीच्या, म्हणजे आधीच्या पाहणीच्या, वेळी लिहिलेल्या पेस नोट्स वाचत असतो: पुढचे वळण किती तीव्र, त्याच्यामागे काय, दगड आत आहे की बाहेर, उंचवट्यानंतर रस्ता कुठल्या बाजूला पडतो. रेकीत गाडी सावकाश न्यावी लागते, आणि नाशिकच्या पावसात ही वही फार महत्त्वाची ठरते. रेकीच्या दिवशी कोरडा असलेला ओढा स्टेजच्या दिवशी वाहू शकतो. कासरगोडचे मुसा शरीफ यांच्यासारखे नॅव्हिगेटर या वाचनाच्या बळावर गाजले, आणि त्यांची नावे चालकांच्या बरोबरीने घेतली गेली पाहिजेत.

सेडियाला सर्वांत मोठा आधार मिळाला एमआरएफच्या संघाचा. गौरव गिल आणि नरेन कुमार यांनी त्या संघातून तिला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅल्यांत पळवले आणि पुढे खासगी संघांचीही ती पहिली पसंती झाली. एमआरएफ ही टायरची कंपनी. तिला मुरुमाचा टायर पारखायला अशा रॅल्यांहून चांगली प्रयोगशाळा सापडणार नव्हती. मुरुमाच्या टायरची बाजूची भिंत कडक आणि खाचांचे ठोकळे खोल लागतात. मोकळे खडे बाजूला सारून खालच्या घट्ट थराला त्यांनी पकडले पाहिजे.

इथे सेडियाची आणि एव्होची वाट पुन्हा एकत्र येते. एमआरएफने आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपदात खरी एव्हो उतरवली. दहावी, ॲल्युमिनियमच्या नव्या इंजिनाची. २०१० मध्ये जपानच्या कात्सुहिको तागुची यांनी भारतीय संघाच्या त्या गाडीतून अजिंक्यपद जिंकले. गिल त्याच संघात एव्हो चालवत होते. देशात पुढच्या चाकांची सेडिया आणि परदेशात चारही चाकांची एव्हो असा दुहेरी सराव त्यांना मिळाला. २०१३ मध्ये गिल स्वतः आशिया-पॅसिफिक विजेते झाले तेव्हा संघाने स्कोडा घेतली होती. २०१६ आणि २०१७ मध्येही ते जिंकले आणि २०१९ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारस्पोर्टमधला पहिला. रस्त्यावरची दहावी एव्होसुद्धा २०१० मध्ये भारतात विक्रीला आली. किंमत ५० लाखांच्या आसपास. तेवढ्या पैशात लोकांना जर्मन गाडी हवी होती, आणि एव्हो इथे दुर्मीळच राहिली.

मित्सुबिशीचा भारतातला कारभार आटत गेला, सेडिया बंद झाली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. शर्यतीच्या गाडीला हे मरण लवकर येते. राष्ट्रीय रॅलींत फोक्सवॅगन पोलो आल्या, आणि महिंद्राने एक्सयूव्ही ५०० उतरवून गिल यांनाच तिच्या चाकामागे बसवले. ही गाडी चाकणची असली तरी महिंद्रा हे नाव नाशिककरांना घरचे, कारण बोलेरो आणि स्कॉर्पिओ सातपूरला बनतात. उंच, जड, डिझेलची ती गाडी मुरुमावर उडताना पाहण्यात निराळाच थरार होता. पण वळणातले ते नेमके, चपळ चालणे सेडियाचेच.

जपानमध्ये शेवटची एव्हो २०१६ मध्ये बनली. रॅलिआर्टचे काम त्याआधीच, २०१० मध्ये, जवळजवळ थांबवले होते. २०२१ मध्ये मित्सुबिशीने ते नाव पुन्हा उभे केले, पण आता स्पोर्ट्स कारसाठी नाही. लांब पल्ल्याच्या डाकार रॅलीत मित्सुबिशीच्या पजेरोने १२ विजय मिळवले आहेत, त्यांतले सात २००१ ते २००७ असे सलग, आणि नव्या रॅलिआर्टने याच परंपरेचा धागा पकडला. दोनदा डाकार जिंकलेले हिरोशी मासुओका यांच्या देखरेखीखाली रॅलिआर्टच्या ट्रायटन पिकअपने २०२२ ची आशिया क्रॉस कंट्री रॅली जिंकली. पुण्याचे संजय टकले, ज्यांनी आशिया-पॅसिफिकच्या रॅल्यांत वर्षानुवर्षे घाम गाळला, ते २०२५ मध्ये सौदी अरेबियात डाकार क्लासिकला उतरले ते ह्युंदाई गॅलोपरमधून. नाव कोरियन असले तरी ही गाडी म्हणजे परवान्याखाली कोरियात बनलेली पहिल्या पिढीची पजेरो, आणि १९८५ मध्ये मित्सुबिशीला डाकारचा पहिला विजय त्याच पिढीच्या पजेरोने मिळवून दिला होता.